बेटं आपोआप ओसाड पडत नाहीत

अंदमानला जाणाऱ्या मराठी माणसाचा पहिला दिवस बहुतेक ठरलेला असतो. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी आणि अंधार पडल्यावर ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीनं रॉस बेट. धक्क्यावर उतरताच हरणं खाऊ मागायला अंगाशी येतात. गाईड ‘ही बेकरी, हा छापखाना, हा साहेबांचा क्लब’ असं भराभर दाखवत पुढे जातो, आणि सगळा जथा येऊन थांबतो तो चर्चपाशी. छप्पर नाही, खिडक्या नाहीत, आणि भिंत कुठे संपते नि झाडाचं मूळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. तिथे फोटो होतात. त्याच संध्याकाळी ते व्हॉट्सॲपवर चढतात. खाली ओळ ठरलेली: निसर्गानं आपलं बेट परत घेतलं.

फोटो सुंदरच असतात, माझं भांडण त्या ओळीशी आहे. रॉसचं आता अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. २०१८ च्या डिसेंबरात ते बदललं. १८५८ साली सत्तावनच्या उठावातले कैदी अंदमानात आणले गेले. या बेटावरचं रान त्यांच्याच हातांनी तोडून घेतलं गेलं आणि तिथे वसाहतीचं मुख्यालय उभं राहिलं. पुढची ऐंशी वर्षं वसाहतीचा मुख्य अधिकारी इथूनच राज्य करत होता. सावरकर १९११ साली कोठडीत पोचले तेव्हा समोरच्या या चिमूटभर बेटावर टेनिस कोर्ट होतं, बाजार होता, पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं. १९४१ च्या जूनमध्ये मोठा भूकंप झाला, बेटाला हादरा बसला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये जपानी आले. युद्ध संपल्यावर इंग्रज परतले खरे, पण रॉसवर पुन्हा राहायला गेले नाहीत, आणि दोन वर्षांत तर देशच सोडून गेले. बेट ओसाड पडलं ते राज्यकर्त्यांना त्याची गरज उरली नाही म्हणून. त्यांना जायला घरं होती. रॉसवर परत जाता यावं म्हणून कुणाचा नातू आज पत्र्याच्या शेडमध्ये अर्ज लिहीत बसलेला नाही. म्हणूनच तिथल्या मुळांचा फोटो निर्धास्तपणे काढता येतो.

अडचण अशी की रॉससाठी ठीक असलेली ही नजर आपण प्रत्येक ओसाड बेटावर टाकतो. ‘जगातली दहा भुताटकीची गावं’ छापाच्या याद्यांमध्ये ज्वालामुखीनं गाडलेलं गाव आणि सैन्यानं रिकामं केलेलं गाव शेजारीशेजारी बसतात. दोन्हीकडे तशाच पडक्या भिंती, तीच हिरवी वेल. लोक कुठे गेले याचं उत्तर एका शब्दात: ‘निघून गेले’. हा शब्द मला खोटा वाटतो. उष्ण कटिबंधात झाडं लवकर वाढतात, भिंतींना लवकर फोडतात आणि दहा-वीस वर्षांत असा देखावा उभा करतात की इथे माणूस शतकांपूर्वी राहत असावा असं वाटावं. ज्यानं गाव रिकामं केलं त्याच्या हे भलतंच पथ्यावर पडतं.

काही ठिकाणी लोक खरोखरच निघून गेले. मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याच्या खाडीनं वेढलेल्या तिसवाडी बेटावरचं जुनं गोवं रोगराईनं खाल्लं. साथीमागून साथी आल्या, माणसं हळूहळू पणजीकडे सरकली, आणि १८४३ साली राजधानीही कागदोपत्री तिकडे गेली. जुन्या घरांचे दगड नव्या घरांना लागले. कॅरिबियन समुद्रातल्या माँटसेराटची राजधानी प्लिमथ तर अजूनही कायद्यानं राजधानीच आहे, फक्त तिथे एकही माणूस राहत नाही. १९९५ च्या जुलैत सूफ्रिएर हिल्सचा ज्वालामुखी जागा झाला. १९९७ च्या जूनमध्ये एकोणीस माणसं मेली, आणि त्या वर्षी शहर राखेनं नि चिखलानं पार बुजलं. बेटावरच्या दोन तृतीयांश लोकांनी देश सोडला. आजही दक्षिणेकडे जायला परवानगी लागते, आणि का लागते ते डोंगराकडे पाहिलं की समजतं. प्लिमथच्या बंदीबद्दल माझी काही तक्रार नाही. धोका खरा आहे आणि बंदी धोक्यापुरती आहे. ही कसोटी इतर बेटांना लावून पाहू.

हिंदी महासागराच्या मधोमध, मालदीवच्या दक्षिणेला चागोस नावाचा बेटांचा पुंजका आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंचांनी तिथे नारळाच्या बागा लावल्या आणि कामाला आफ्रिकेतून, मादागास्करमधून गुलाम आणले. गुलामी संपल्यावर हिंदुस्थानातून मजूर गेले. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत त्यांची एक जमात झाली. बोली क्रिओल, देव कॅथलिक, आणि सगळं गाव खोबऱ्याभोवती फिरणारं. घरं होती, चर्च होतं, दफनभूमी होती, कुत्री होती. दीड ते दोन हजार माणसांचं हे आयुष्य होतं. श्रीमंती नव्हती, पण भाडंही भरावं लागत नव्हतं.

१९६५ च्या नोव्हेंबरात ब्रिटननं ही बेटं मॉरिशसपासून तोडून घेतली. मॉरिशसला स्वातंत्र्य मिळायला अजून दोन-सव्वादोन वर्षं होती. दिएगो गार्सिया या सर्वांत मोठ्या बेटावर अमेरिकेला तळ हवा होता, आणि तो माणसांशिवाय हवा होता. मग लंडनच्या कचेऱ्यांमधून जे टिपण फिरलं ते आज सर्वांना वाचायला उपलब्ध आहे. परराष्ट्र खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यानं १९६६ साली लिहिलं की इथे समुद्रपक्ष्यांखेरीज मूळ रहिवासी असणार नाहीत. त्यावर दुसऱ्या अधिकाऱ्यानं भर घातली की दुर्दैवानं पक्ष्यांबरोबर काही टारझन आणि रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीतल्या नोकरासारखे मॅन फ्रायडेही आहेत. चेष्टा बाजूला ठेवली तरी या कागदांतली युक्ती नीट पाहण्यासारखी आहे. कायमच्या रहिवाशांचे हक्क संयुक्त राष्ट्रांत विचारले जातील, म्हणून त्यांना कागदावर ‘कंत्राटी मजूर’ करून टाकायचं. मजूर काय, काम संपलं की घरी जातो. घर इथेच आहे हे लिहायचंच नाही.

प्रत्यक्षात काम सावकाश झालं, आणि मला त्याचा तो सावकाशपणाच जास्त भयंकर वाटतो. १९६७ नंतर औषधपाण्याला किंवा नातेवाइकांना भेटायला मॉरिशसला गेलेल्या माणसांना परतीचं तिकीट मिळेना. ‘तुमची बेटं विकली गेली’ असं खिडकीवर सांगायचे. मागे राहिलेल्यांसाठी किराणा नि औषधं आणणाऱ्या बोटी विरळ होत गेल्या. १९७१ साली दिएगो गार्सियावरची कुत्री गोळा करण्यात आली. आधी गोळ्या घातल्या, विष घातलं, ते पुरेना. शेवटी खोबरं वाळवायच्या बंदिस्त खोल्यांमध्ये त्यांना कोंडून गाड्यांच्या धुरानं मारलं. हजाराच्या आसपास कुत्री होती. पोरं बघत होती. पुढचा नंबर आपला हे कुणी सांगायची गरज उरली नाही. त्यानंतर माणसांना एक पेटी आणि अंथरूण एवढं घेऊन बोटीत बसवलं. १९७२ मध्ये चागोसमधलीच सालोमन बेटं रिकामी झाली, १९७३ मध्ये पेरोस बानोस. शेवटच्या बोटीतली माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरायलाच तयार नव्हती.

मॉरिशसमध्ये मराठी माणसंही आहेत. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या कोकणातल्या मजुरांची ती मुलंबाळं. त्यांनी तिथे गणपती नेला, शाळांमध्ये मराठी टिकवली. चागोसवाल्यांच्या वाट्याला पोर्ट लुईतल्या झोपड्या आल्या, आणि वर ‘बेटवाले’ म्हणून हेटाळणी. नारळ सोलण्यापलीकडे कौशल्य नाही, आणि मॉरिशसमध्ये तेव्हा स्वतःच्याच लोकांना काम नव्हतं. १९८२ साली ब्रिटननं चाळीस लाख पौंड दिले. पैसे घेताना लोकांनी ज्या कागदांवर अंगठे उठवले ते इंग्रजी कायद्याच्या भाषेत होते. परत जाण्याचा हक्क सोडल्याचं त्यात लिहिलं होतं. क्रिओलमध्ये कुणी वाचून दाखवलं नाही. हे अंगठे लक्षात ठेवा, पुढे आपल्याच देशात त्यांची आठवण येणार आहे.

त्यानंतरची कोर्टबाजी मोठी आहे. २००० साली लंडनच्या उच्च न्यायालयानं हकालपट्टी बेकायदा ठरवली. २००४ मध्ये सरकारनं संसदेला वळसा घालून राणीच्या हुकमानं परतीची दारं पुन्हा लावली, आणि २००८ मध्ये तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय असलेल्या लॉर्ड्सनी तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारचं म्हणणं उचलून धरलं. २०१० च्या एप्रिलमध्ये तर कमाल झाली. चागोसभोवतीचा सहा लाख चौरस किलोमीटरहून अधिक समुद्र संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. प्रवाळ वाचणार म्हणून जगभरच्या पर्यावरणप्रेमींनी टाळ्या वाजवल्या. मग अमेरिकन दूतावासाची एक गुप्त तार बाहेर आली. संरक्षित क्षेत्र झालं की रहिवाशांचा परतीचा दावा बाद होईल, असं ब्रिटिश अधिकारी अमेरिकनांना समजावत होते. ते क्षेत्र करताना मॉरिशसचे हक्क डावलले, असं २०१५ साली आंतरराष्ट्रीय लवादानं ठरवलं. २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं तेरा विरुद्ध एक मतानं सांगितलं की चागोस तोडून घेणंच कायद्याला धरून नव्हतं. २०२५ च्या मे महिन्यात ब्रिटन आणि मॉरिशसनं करारावर सह्या केल्या: बेटं मॉरिशसची, दिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं तळासाठीच. इतर बेटांवर वस्ती करू द्यायची की नाही ते मॉरिशस ठरवणार. ज्यांची बेटं, ते चागोसवाले या वाटाघाटींच्या टेबलावर नव्हतेच, आणि त्यांच्यातले अनेक जण त्यावरून भडकलेले आहेत.

दरम्यान सालोमनच्या बोडाम बेटावर चर्चच्या भिंतींतून नारळ उगवलेत. हौशी शिडाच्या होड्यावाले परवाना काढून तिथे नांगर टाकायचे आणि ‘मानवरहित स्वर्गा’चे फोटो काढायचे. सुट्टी घालवायला आलेल्या माणसाला तिथे राहता येत होतं. जन्मलेल्याला नव्हतं.

हे सगळं इंग्रजांचं पाप म्हणून मिटवून टाकणं आपल्याला सोपं जातं. मॉरिशसच्या बाजूनं भारत संयुक्त राष्ट्रांत उभा राहिला, ते योग्यच केलं. पण आपलीही बेटं आहेत.

२६ डिसेंबर २००४ ची लाट निकोबारवर आली तेव्हा त्रिंकेट बेटाचे तुकडे झाले. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक सव्वाचार मीटरच्या आसपास खचलं, आणि इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ जमिनीवरून पाण्यात आला. या बेटाच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यांवर निकोबारी लोकांची गावं होती: चिंगेन्ह, कोकेओन, पुलो पक्का, पुलो बाहा आणि आणखी काही. किनाऱ्यालगत घरं, मागे नारळाच्या बागा, डुकरं, आणि केवड्याच्या जातीचं ते मोठं फळ ज्याच्या लगद्यावर तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या वाढली. लाटेनं गावं पुसली. वाचलेल्यांना प्रशासनानं कॅम्पबेल बे या बेटावरच्या मुख्य गावी आणलं. आधी तंबू, मग पत्र्याच्या शेड, मग कायमची घरं. त्या नव्या वस्त्यांची नावं राजीव नगर आणि न्यू चिंगेन्ह.

त्या वेळी आणलं ते बरोबरच केलं. किनारा खचला होता, पाणी पिण्याजोगं नव्हतं, भूकंपाचे धक्के थांबत नव्हते. इथवर हे प्लिमथसारखंच. फरक पुढे पडतो. धोका ओसरला तशी माणसं परत जायची गोष्ट करू लागली. बागा पुन्हा लावायच्या, तिथेच घरं बांधायची. ती मागणी वर्षामागून वर्षं प्रशासनापुढे जात राहिली आणि पडून राहिली. शाळा इथे आहे, दवाखाना इथे आहे, रेशन इथे मिळतं, तिकडे सोयी कशा पुरवणार, हे उत्तर. ऐकायला हे काळजीचं वाटतं. पण २००४ आधीही तिकडे शहरी सोयी नव्हत्या, आणि त्या वेळी त्यांना कुणी इकडे आणलं नव्हतं.

परत जाणं अशक्य होतं असं म्हणायला चौरा बेट आडवं येतं. चौरा म्हणजे निकोबारातली मडकी आणि होड्या यांचं माहेर. लाटेनंतर तिथल्या साऱ्या लोकांना शेजारच्या तेरेसा बेटावर हलवलं. छोटं बेट, पाण्याची टंचाई, राहा इथेच असं त्यांना सुचवलं जात होतं. ते ऐकेनात. परत गेले. २०११ च्या जनगणनेत चौराची वस्ती बाराशेच्या वर आहे. तिथली माणसं ग्रेट निकोबारच्या माणसांपेक्षा जास्त हट्टी होती असं मी मानत नाही. चौराची जमीन त्या वेळी कुणाला दुसऱ्या कशासाठी हवी नव्हती, एवढाच मला फरक दिसतो.

ग्रेट निकोबारची जमीन हवी होती. गॅलाथिया उपसागरात मोठ्या जहाजांमधला माल उतरवून फिरवणारं बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नवं शहर असा प्रकल्प नीती आयोगानं आखला. क्षेत्र सुमारे १६६ चौरस किलोमीटर, त्यातलं १३० चौरस किलोमीटर जंगल, सुरुवातीचा खर्च ७२ हजार कोटींच्या घरात. आज बेटाची लोकसंख्या आठ हजारांच्या आसपास आहे, ती पुढच्या काही दशकांत साडेतीन लाखांवर न्यायची आहे. जिथे चामड्या पाठीची महाकाय कासवं अंडी घालतात त्या उपसागराचा अभयारण्याचा दर्जा २०२१ च्या जानेवारीत काढला गेला. तोडलेल्या वर्षावनाची भरपाई म्हणून झाडं लावायची जागा हरियाणात शोधली गेली. (निकोबारच्या बदल्यात अरवली! एखाद्या विनोदी लेखकानं लिहिलं असतं तर संपादकानं ‘फारच होतंय’ म्हणून कापलं असतं.) २०२२ च्या नोव्हेंबरात पर्यावरण मंजुरी मिळाली.

सरकारचं म्हणणं असं की या प्रकल्पात कुठलाही आदिवासी विस्थापित होणार नाही. हे वाक्य काळजीपूर्वक वाचायला हवं, कारण शब्दशः त्यात खोट काढणं कठीण आहे. चिंगेन्हमध्ये आज कुणी राहत नाही. ज्याला लाटेनं आधीच हलवलं आणि ज्याला वीस वर्षं परत जाऊ दिलं नाही, त्याला विस्थापित करायचं काय उरलं? लंडनच्या टिपणात रहिवाशांचे मजूर झाले, आपल्या फायलीत गावाची रिकामी जमीन झाली. हेतू तितका काळा होता असं मी म्हणत नाही. चागोसवर सुरुवातीपासून हकालपट्टीचा बेत होता, इथे सुरुवात मदतीनं झाली. पण कागदावर दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

आणि मग ते अंगठे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये लिटल आणि ग्रेट निकोबारच्या आदिवासी परिषदेकडून ना हरकत पत्र घेतलं गेलं. नोव्हेंबरमध्ये परिषदेनं ते लेखी परत घेतलं. कारण साधं होतं: आपली त्सुनामीआधीची गावं आणि राखीव जमीन या प्रकल्पाच्या नकाशात येते हे आम्हाला नीट सांगितलंच नव्हतं. एकदा दिलेली संमती परत घेता येते का यावर वकील वाद घालतील. मला त्याआधीचा प्रश्न पडतो. नकाशा न दाखवता घेतलेलं पत्र संमती कधी होतं तरी कसं? आपल्याकडे सातबाऱ्यावर एक फेरफार करायचा तर पंधरा दिवसांची नोटीस लागते, भाऊबंदांच्या हरकती मागवतात. इथे आख्खी गावं गेली.

माझ्या या म्हणण्याविरोधात जे बोललं जातं त्यातलं सर्वांत वजनदार म्हणजे संरक्षण. मलाक्काकडे जाणारा जहाजमार्ग ग्रेट निकोबारच्या अगदी पायाशी आहे, चीनचं आरमार वाढतंय, तिथे आपण डोळे मिटून बसावं का? बसू नये. कॅम्पबेल बेला नौदलाचा तळ २०१२ पासून आहेच, तो वाढवायचा तर वाढवावा. पण साडेतीन लाखांचं शहर, पर्यटनासाठी राखलेल्या जमिनी आणि मालाची उलाढाल करणारं व्यापारी बंदर यांना संरक्षण हे नाव देऊन प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायचं, हे मला मान्य नाही. दिएगो गार्सियाच्या बाबतीत हेच झालं. तळ एका बेटावर होता, त्यासाठी दोनशे किलोमीटरवरची पेरोस बानोस का रिकामी केली याला पन्नास वर्षांत कुणी पटेल असं उत्तर दिलेलं नाही. आणि तळावर माणसं नकोत म्हणावं तर तिथे फिलिपाइन्समधून आणलेले आचारी नि धोबी आहेतच.

दुसरा आक्षेप ग्रेट निकोबारमध्येच राहणाऱ्या बाकीच्या लोकांचा, आणि त्यात आपलीही माणसं आहेत. १९६९ पासून सरकारनं पंजाब, महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडू अशा राज्यांतल्या तीनशेहून अधिक माजी सैनिकांच्या कुटुंबांना पूर्व किनाऱ्यावर जमिनी देऊन वसवलं. त्यांनी जंगलातून शेतं काढली, त्सुनामीत तीही बुडाली. या लोकांना बोट हवी, विमान हवं, बाळंतीण सुनेसाठी चांगला दवाखाना हवा. त्यांना प्रकल्पाचं आकर्षण वाटलं तर नवल नाही, आणि मुंबई-पुण्यात बसून त्यांना जंगलाचं महत्त्व शिकवणं हा उद्धटपणा आहे. पण रोज नेमानं येणारी बोट आणि एक शस्त्रक्रिया करू शकणारा डॉक्टर यासाठी ७२ हजार कोटी लागत नाहीत. या सैनिकांच्या कुटुंबांना जमिनीचा पट्टा मिळाला तेव्हा नकाशावर चतुःसीमा लिहून मिळाला. निकोबाऱ्यांच्या बागेला तशी चतुःसीमा नव्हती, कारण कुणाचा नारळ कुठे संपतो हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. लाटेत ती तोंडंही गेली.

तिसरा आक्षेप मला मित्रांकडूनच ऐकू येतो. परत जाणार कोण? तरुण पोरांना मोबाइलची रेंज हवी, नारळ सोलायला कोण जातंय? खरं असेल. कोकणातली निम्मी घरं कुलपात आहेत आणि गणपतीला उघडतात. तरी चाकरमान्याच्या कुलूपबंद घराला कुणी बेवारस म्हणत नाही. सातबारा त्याच्या नावावर असतो आणि तो नसताना तिथे कुणी कुंपण घातलं तर पोलिसात जाता येतं. परत जायचा हक्क म्हणजे परत जायची सक्ती नव्हे. सगळी माणसं गेली नाहीत, फक्त म्हातारी गेली, किंवा वर्षातून दोन महिने बाग राखायला गेली, तरी जमीन त्यांचीच. २०२२ साली मॉरिशसच्या बोटीतून काही वृद्ध चागोसवासी पेरोस बानोसला उतरले. कायमचं राहायला ते त्या दिवशी आले नव्हते. त्यांनी वाळूवर गुडघे टेकले, चर्चभोवतीचं रान काढायला लागले.

म्हणून माझी मागणी निकोबारपुरती नाही. आपत्तीत गाव रिकामं करण्याच्या प्रत्येक हुकमातच परतीचं कलम असावं: धोका कोण तपासणार, किती महिन्यांनी तपासणार, आणि धोका टळला की जायची सोय कोण करणार. जमीन मधल्या काळात त्या लोकांच्या नावावर नोंदलेली राहील, वापरात नाही म्हणून ती पडीक ठरणार नाही. हे दूरच्या बेटांपुरतं नाही. माळीण, तळिये, इरशाळवाडी या आपल्या दरडीखाली गेलेल्या गावांनाही ते लागू व्हावं. तिथे आज डोंगर कुणाला नको आहे म्हणून वाद नाही, पण सह्याद्रीतली जमीन कधी कुणाला हवीशी होईल ते सांगता येत नाही, हे आपण गेल्या वीस वर्षांत चांगलं पाहिलंय.

ग्रेट निकोबारच्या बाबतीत तर वेळही फार नाही. लाटेनंतर राजीव नगरात जन्मलेली मुलं आता मतदार झाली आहेत. चिंगेन्हची विहीर कुठे होती, कुणाची बाग कोणत्या ओढ्यापर्यंत होती हे त्यांनी पाहिलेलं नाही. पाहिलेले आता पन्नाशी-साठीचे आहेत. बंदराची कंत्राटं पुढे सरकण्याआधी या माणसांना बोटीत घालून त्यांच्या जुन्या गावांवर न्यायला हवं. मोजणीदार, निकोबारी जाणणारा दुभाषा आणि वनखात्याचा एक माणूस बरोबर घेऊन सीमा कागदावर उतरवायला हव्यात, आणि तो नकाशा परिषदेपुढे तिच्या भाषेत ठेवून मगच हो की नाही विचारायला हवं. नाही म्हणाली तर बंदराची जागा बदलावी लागेल, आराखडा लहान करावा लागेल, काही हजार कोटींचं गणित पुन्हा मांडावं लागेल. पावसाळा सोडला तर मोजणीचं हे काम एका हंगामात होण्यासारखं आहे.